उभ्याने पुसलेले घर

रविवार, दिनांक ९ जानेवारी २००५, समता कॉलोनी, रायपूर. तक्रार नोंदवून ठेवण्यात येते ती अशी: या दिवशी दुपारच्या जेवणानंतर सौ. मंदाकिनी नरहरी लांजेवार यांचे शहराच्या कडेच्या बीरगांव येथील राहते घर विकण्याचे ठरले. ठरवणारे दोघे होते, मुलगा जयंत आणि नवरा नरहरी. ज्या बाईने ते घर आजवर सांभाळले, तिला विचारण्यात आले नाही. ती त्या वेळी मुलाच्या स्वयंपाकघरात सांडलेली कढी पुसत जमिनीवर बसलेली होती. कान शाबूत असल्याने तिला सगळे ऐकू आले. घर विकण्याचे जे कारण बाहेरच्या खोलीत सांगितले जात होते, तेही तिच्या फरशी पुसण्याचेच होते.

आदल्याच दिवशी जयंतने आईला कॉलोनीतल्या दवाखान्यात नेले होते. डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले, एक्स-रे उजेडाला धरला आणि यापुढे मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही, असे बजावले. जयंत राजधानीतल्या एका कार्यालयात अधिकारी होता. कोणत्याही गोष्टीचा निष्कर्ष काढून तो लगेच अमलात आणण्याची त्याला सवय होती.

"डॉक्टरनं साफ सांगितलं न, बाबा," तो बाहेरच्या खोलीत म्हणत होता. "खाली बसणं बंद. खाली बसणं बंद म्हणजे पोछा बंद. अन् पोछा बंद म्हणजे बीरगांव बंद. तिथं दिवसातून तीनदा पुसल्याशिवाय पाय ठेवता येत नाही. दुसरा रस्ता आहे का, तुम्हीच सांगा."

"मी कुठं नाही म्हणून राहिलो?" नरहरी म्हणाले. "इकून टाक. तुह्या इथं हवा साफ हाय. टीव्ही बी मोठा हाय."

स्वयंपाकघरात सून अस्मिता खाली वाकली. "आई, तुम्ही उठा बरं. कालच डॉक्टर काय म्हणाले? मी पुसते."

"पुसून झालं," मंदाकिनी म्हणाल्या. पण उठणे एवढे सोपे नव्हते. एक हात ओट्याच्या कडेला, दुसरा अस्मिताच्या खांद्यावर, मग एक पाय, मग थोडा वेळ काही नाही, मग दुसरा पाय. पदराला हात पुसत त्या बाहेरच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कोणाचं घर इकून राह्यले?"

जयंतने बापाकडे पाहिले, बापाने टीव्हीकडे. तेव्हा चित्रे रंगवत बसलेली नात पिंकी मान वर न करता म्हणाली, "आजी, आपका. पापा बोल रहे हैं वहाँ सब काला-काला है।"

मंदाकिनींनी भांडण केले नाही. भांडण हा त्यांचा प्रांत नव्हता. त्यांनी थोडा विचार केला आणि एकच प्रश्न विचारला. "मी खाली नाही बसली, अन् घर बी साफ राह्यलं, तर?"

जयंत हसला. मुलगा म्हणून तो वाईट नव्हता. त्याला आपले म्हणणे बरोबर असल्याची खात्री होती, इतकेच. "तर राहा न आई, मले काय? पण ते घर उभ्यानं साफ करून दाखव. रथसप्तमीला आम्ही येतो. गिऱ्हाईक त्याच्यानंतर येणार आहे."

"दाखवतो," मंदाकिनी म्हणाल्या. त्यांच्या माहेरच्या बोलीत बाईही असेच म्हणे.

एका बाईने आपल्याच घरात राहण्यासाठी परीक्षा द्यावी, असा हा प्रकार होता. खोलीतल्या कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

मंदाकिनींचे माहेर तुमसरजवळच्या एका खेड्यात. लग्न होऊन त्या रायपूरला आल्या तेव्हा नरहरी रेल्वेत कारकून होते. आधी रेल्वेचे क्वार्टर, मग बीरगांवला घेतलेली जागा, मग त्या जागेवर वर्षावर्षाने उभे राहिलेले घर. भिंतींचा रंग, खिडक्यांची लाकडे, गेटाची नक्षी हे सगळे नरहरींनी ठरवले. फरशी मात्र मंदाकिनींनी निवडली: फिकट, जवळजवळ पांढरी, संगमरवराच्या बारीक चिप्स घातलेली. कारागीर यंत्राने ती घासून गुळगुळीत करत होते तेव्हा त्यांना चहा देण्याच्या निमित्ताने त्या दर थोड्या वेळाने येऊन बघून जात. घर पूर्ण झाल्यावर पहिल्या दुपारी त्या त्या थंडगार फरशीवर उशी न घेता झोपल्या होत्या. त्या काळी पलीकडे उरला गावाच्या बाजूला शेते होती आणि कारखान्यांच्या थोड्या शेड होत्या.

पुढे शेडांवर धुरांडी आली. राज्य वेगळे झाले, रायपूर राजधानी झाली, रस्ते रुंद झाले, इमारती उठल्या. इमारतींना लोखंड लागते, म्हणून धुरांडी आणखी वाढली. आणि बीरगांवावर काळी धूळ पडू लागली. ही धूळ म्हणजे शेतातली माती नव्हे आणि चुलीची काजळीही नव्हे. ती बारीक, जड, उन्हात किंचित चमकणारी असते. दुधाच्या झाकणीवर, तुळशीच्या पानांवर, वाळत घातलेल्या पापडांवर तिचा थर बसतो. बंद खिडकीच्या फटीतूनही ती आत येते. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, लोकांनी अर्ज केले. एकदा एक साहेब आलेही. त्यांनी लांजेवारांच्या ओटीवरच्या कठड्यावरून बोट फिरवले, बोटाकडे पाहिले, ते रुमालाला पुसले आणि गाडीत बसून निघून गेले. त्यानंतर बीरगांवात धुळीच्या प्रश्नावर जी काही उपाययोजना झाली, ती घरोघरच्या बायकांनी ओल्या फडक्याने केली.

कामाला बाई लावून पाहिली नव्हती असे नाही. पण बीरगांवच्या बायका कारखान्यांत रोजावर जातात; दिवसातून तीनदा पुसावी लागणारी फरशी कोण घेणार? शेजारची कमला हसून म्हणायची, "एला कोन पोंछही दीदी? तुम्हीच पोंछो."

मंदाकिनींना मुलाकडे का जायचे नव्हते, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. सून छळणारी नव्हती. अस्मिता नाशिकची, मोजके बोलणारी, सासूला चांगले वागवणारी. सगळा दोष सुनेवर ढकलला की बाकीच्यांची सोय होते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. पण समता कॉलोनीतल्या घरात गॅस पेटवण्याआधी मंदाकिनींना "चहा टाकू का?" असे विचारावेसे वाटे, आणि अस्मिता दर वेळी "अहो आई, विचारता काय?" असे म्हणे. बीरगांवात त्यांना कोणालाच विचारावे लागत नसे. तेवढ्यासाठी त्यांना काळी धूळ चालत होती.

बीरगांवला परतल्यावर त्या कामाला लागल्या. पहिल्या सकाळी त्या नरहरींना घेऊन गोल बाज़ारात गेल्या आणि लांब दांड्याचा, जाड सुतांचा झुपका असलेला उभ्याने मारायचा पोछा त्यांनी घेतला. दुकानदार म्हणाला, "ले जाइए माताजी, अब घुटने को आराम ही आराम।" नरहरींनी येताना रिक्षात तो दांडा दोन्ही गुडघ्यांमध्ये धरला आणि वाटभर ओळखीचे कोणी दिसू नये म्हणून ते दुसरीकडे बघत राहिले.

घरी आल्यावर मंदाकिनींनी रोजच्यासारखे हातशिंपण केले. तांब्यातले पाणी बोटांनी सगळ्या खोलीभर शिंपडले, मग केरसुणीने केर ओढला, आणि मग नवा पोछा बादलीत बुडवून फरशीवर फिरवला. झुपका पाणी प्यायल्याने इतका जड झाला की खांदे भरून आले. शिवाय त्याने घाण उचलली नाही; ती इकडून तिकडे नेली. वाळल्यावर पांढऱ्या फरशीवर काळ्या कोयऱ्याच कोयऱ्या उमटल्या.

नरहरी खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. पोछा जवळ आला की पाय वर घ्यायचे, पुढे गेला की खाली सोडायचे. संसारात फरशी पुसण्याशी त्यांचा संबंध एवढाच होता. त्यांनी वाळलेली फरशी निरखली. "रांगोळी चांगली जमली तुले," ते म्हणाले. "पण पांढरी काढत असतात वं."

"पाय खाली ठेवू नका," मंदाकिनी म्हणाल्या.

खाली बसून त्या जे करत, ते उभ्याने होत नव्हते. खाली बसल्यावर हाताच्या तळव्यात शरीराचे सगळे वजन उतरते आणि फडके दाबून घासता येते. चिकटलेला काळा थर त्या दाबानेच निघे. दांड्याच्या टोकाला ते वजन पोचत नव्हते. मंदाकिनींची अशी समजूत झाली की जोर पुरत नाही, म्हणून पाण्यातच काहीतरी तेज घालावे लागणार.

अस्मिताला फोन केला. ती म्हणाली, कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून बघा. काळे थोडे निघाले, पण बीरगांवचे पाणी आधीच जड. सोड्याने फरशीवर पांढरा राप धरला आणि त्या रापावर दुपारची धूळ आणखी घट्ट बसली. मग कमलेने रॉकेल सुचवले: बादलीत थोडे मिट्टीतेल, बस. त्या दिवशी फरशी खरोखरच चकाकली. मंदाकिनी दारात उभ्या राहून समाधानाने बघत असतानाच नरहरी आंघोळ करून ओल्या पायांनी आले, त्यांचा एक पाय सुळकन सरकला आणि दाराची चौकट हाताला लागली म्हणून ते वाचले.

श्वास जागेवर आल्यावर ते म्हणाले, "घर वाचवाच्या नादात घरमालकाले मारून राहिली का?"

"तुम्ही कायचे मालक? तुम्ही तं इकून बसले होते," मंदाकिनी म्हणाल्या आणि साबणाच्या पाण्याने रॉकेल काढायला लागल्या. त्यासाठी त्यांना खाली बसावे लागले. रात्री गुडघे सुजले. त्या बोलल्या नाहीत, पण नरहरींनी तेलाची वाटी गरम करून आणून ठेवली.

संक्रांत गेली. पाऱ्यातल्या बायकांची हळदीकुंकवे सुरू झाली. मंदाकिनींनी आपले रथसप्तमीला ठेवले. अधूनमधून जयंतचा फोन येई. "काय आई, उभ्यानं?" असे तो विचारी आणि त्यात चेष्टेपेक्षा काळजीच जास्त असे, पण काळजी करणाऱ्या माणसाशी वाद घालणे चेष्टेखोराशी घालण्यापेक्षा अवघड असते. एकदा तो म्हणाला की गिऱ्हाईक घाई करत आहे, आधीच आणू का? "रथसप्तमी म्हणजे रथसप्तमी," मंदाकिनी म्हणाल्या आणि फोन ठेवून पुन्हा बादलीकडे वळल्या. आपल्याला जमत नाही आहे, हे त्यांना कळत होते.

अशात एक दिवस नळाला पाणी आले नाही. मोठी जलवाहिनी कुठेतरी फुटली होती. दुसऱ्या दिवशीही आले नाही. पिण्याचे भरून ठेवलेले होते, त्यात भांडीकुंडी कशीबशी निघत होती. फरशीसाठी थेंब नव्हता. हातशिंपणही नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मंदाकिनींच्या घरात केर काढण्याआधी पाणी शिंपडले गेले नाही. त्यांनी कोरडीच केरसुणी मारून पाहिली, तर धूळ ढगासारखी उठली, नरहरी शिंकत ओटीवर गेले आणि सगळी धूळ सावकाश पुन्हा खाली येऊन बसली.

पाण्याच्या टंचाईमुळे मंदाकिनींनी धुवायला सोपी म्हणून ट्रंकेतली जुनी नायलॉनची साडी नेसायला काढली होती. थंडीतल्या कोरड्या हवेत ती पायांना चिकटत होती, सोडवताना चटचट आवाज करत होती. दुपारी त्या पलंगावर पाय वर घेऊन बसल्या तेव्हा साडीची खालची कड त्यांच्या नजरेस पडली. ती काळी झाली होती. बोटभर रुंदीची अखंड काळी पट्टी, जणू काठच तसा होता. त्यांनी जमिनीकडे पाहिले. सकाळपासून त्या ओट्यापासून देवघरापर्यंत ज्या वाटेने ये-जा करत होत्या, त्या वाटेवर फरशी पांढरी होती. इतरत्र काळी.

 मग त्यांनी दुसरी एक विटलेली नायलॉनची साडी काढली, तिची घडी केली आणि न्हाणीघरातला पाणी ओढायचा रुंद रबरी वायपर आणून त्याला ती गुंडाळली. गाठी मारल्या. आतल्या खोलीच्या भिंतीपासून निघून, कोरड्या फरशीवर, वायपर न उचलता त्या सरळ दारापर्यंत चालत गेल्या. जोर लावला नाही. लावण्याची गरजच नव्हती. धूळ कापडाकडे आपण होऊन येत होती. मागे वळून पाहिले तर वायपरच्या रुंदीची स्वच्छ पट्टी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उमटली होती, आणि धूळ अजिबात उडाली नव्हती.

"अवो," त्यांनी हाक मारली. "इकडं या बरं."

नरहरी दारात आले. "पाणी आलं का?"

"नाही आलं. खाली पाहा."

नरहरींनी खाली पाहिले. मग वाकून हात फिरवला. तळवा पाहिला. "आता हे कशानं?"

"पाणी नाही म्हणून," मंदाकिनी म्हणाल्या.

ते त्यांना त्या क्षणीच पूर्णपणे समजले. तुमसरकडच्या त्यांच्या माहेरच्या घरात शेणाने सारवलेली जमीन होती. तिथे केर काढण्याआधी पाणी शिंपडावेच लागे, नाही तर माती उडे आणि सारवण खरवडले जाई. कोरडा केर काढणाऱ्या पोरीला आई म्हणायची की हिच्या हातून लक्ष्मी धुळीसारखी उडून जाणार. ती रीत घेऊन मंदाकिनी रेल्वेच्या क्वार्टरात आल्या, तिथून बीरगांवच्या पक्क्या फरशीवर आल्या, आणि रोज सकाळी त्या धुळीवर पाणी शिंपडत राहिल्या. मातीची धूळ पाण्याने बसते. कारखान्याची ही जड, काळी पूड पाण्याने कालवली जाते. तिचा लेप होतो, तो चिप्सच्या बारीक छिद्रांत भरतो आणि मग तो काढायला खाली बसून, सगळे वजन तळहातावर टाकून घासावे लागते. ज्या चिकटलेल्या थराशी त्या इतकी वर्षे झगडल्या, तो थर त्या स्वतःच रोज सकाळी तांब्याने घालत होत्या.

त्यांना वाईट वाटायला हवे होते. पण त्या हसल्या, आणि हसतच नरहरींना म्हणाल्या, "माह्या मायनं हे शिकवलं. तिच्या घरी बरोबर होतं न पण."

पाणी आल्यावर उरलेली गोष्ट त्यांनी शांतपणे बसवली. आधी नायलॉन, कोरडे, आतून बाहेर, उचलायचे नाही. ते अंगणात झटकायचे नाही, कारण वाऱ्याने पुन्हा घरातच येते. बादलीच्या तोंडावर धरून वर्तमानपत्रात हळूच झाडायचे. मग त्याच वायपरला जुन्या धोतराचे सुती फडके गुंडाळायचे, घट्ट पिळलेले, जेमतेम दमट, आणि एकदाच फिरवायचे. धुरांड्यांकडच्या, पश्चिमेच्या खिडक्या सकाळी उघडायच्या नाहीत. दारात गोणपाट. एवढेच. सोडा नाही, रॉकेल नाही, गोल बाज़ारातला पोछा ओटीवरच्या कोळिष्टकांना.

मात्र एक गोष्ट राहिली होती, आणि ती फडक्याने सुटणारी नव्हती. धूळ दिवसभर पडत होती आणि तीनदा काढावीच लागत होती. गुडघे वाचले तरी तीन वेळा घरभर चालणे होतेच, आणि मंदाकिनींचे पाय दुपारपर्यंत बोलू लागत.

एके दुपारी त्यांनी नायलॉन गुंडाळलेला वायपर नरहरींच्या खुर्चीला टेकवून ठेवला.

नरहरींनी त्याच्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. "हे काय?"

"दुपारचं तुम्ही करा."

"मले कुठं जमते? मले खाली बसणं होत नाही, तुले माहीत हाय न."

हे खरे होते. हे ते लग्नापासून सांगत आले होते. त्यांची कंबर वाकत नसे; पंगतीत ते पाटावर बसत, पण फरशी पुसायची वेळ आली की कंबर वाकत नसे.

"खाली कोण बसवून राह्यलं तुम्हाले?" मंदाकिनी म्हणाल्या. "उभ्यानं करायचं हाय. तुम्ही ओटीवर फेऱ्या मारता न जेवण झाल्यावर? त्याच घरात मारा. हातात हे धरून."

  नरहरी उठले. आधी त्यांनी समोरचे दार लावले, मग कडी घातली.

"दार काहून लावून राह्यले?"

"वारा येते," नरहरी म्हणाले.

वारा नव्हता. मंदाकिनींनी ते बोलून दाखवले नाही. त्या पलंगावर पाय लांब करून बसल्या आणि बघत राहिल्या. नरहरी कारकुनी शिस्तीचे. त्यांनी एकही कोपरा सोडला नाही. पलंगाजवळ आल्यावर ते थांबले. मंदाकिनींना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पाय वर घेतले.

रथसप्तमीला समता कॉलोनीतून सगळे आले. दाराशी बूट काढताना जयंतने नेहमीच्या सवयीने पायमोजे काढून खिशात ठेवले, कारण बीरगांवच्या घरात ते काळे होत. अस्मिता अनवाणीच आत गेली, देवाला नमस्कार केला, पिंकीला जमिनीवर बसवले आणि सासूबरोबर तिळगुळाचे डबे उघडू लागली.  मंदाकिनींनी पाहिले की तिने चालताना एकदा पाय वळवून तळवा बघितला होता.

जयंतने मात्र चौकशी केली. कपाटाखाली बोट घातले, दाराच्या मागे पाहिले, देवघराच्या उंबऱ्याशी हात फिरवला. धूळ बघायला आलेल्या त्या साहेबासारखेच त्याचे बोट फिरत होते. फरक एवढाच की त्याचे बोट स्वच्छ बाहेर आले.

"जमलं तुले," तो म्हणाला. आवाजात आश्चर्य होते, ते त्याने लपवले नाही. "पण आई, आज पाहुणे आहेत म्हणून केलं. रोज तीनदा कोण करन? तू थकशील. एक दिवसाचं काय धरायचं? गिऱ्हाईक येऊन तर जाऊ दे."

मंदाकिनींना या प्रश्नाची अपेक्षा होती, पण उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावर आली नाही. हळदीकुंकवाच्या बायका यायची वेळ जवळ आली होती आणि दुपारची धूळ ओटीवर बसू लागली होती. नरहरी उठले, कोपऱ्यातला वायपर घेतला आणि दार उघडे असतानाच आतल्या भिंतीपासून सुरुवात केली.

"बाबा, तुम्ही काय करून राह्यले?" जयंत म्हणाला.

"दुपारचं माह्याकडं हाय," नरहरी म्हणाले. ते थांबले नाहीत. "सकाळचं अन् संध्याकाळचं तिच्याकडं. तू पाय वर घे."

जयंतने पाय वर घेतले.

"अन् गिऱ्हाइकाले सांगून दे," नरहरी दारापाशी पोचल्यावर म्हणाले, "घर इकायचं नाही. आम्ही दोघं उभे हाओ तोवर तं नाही."

अस्मिताने हे सगळे पाहिले. ती वायपरजवळ गेली, गाठी कशा मारल्या आहेत ते तिने हाताळून बघितले आणि सासूला विचारले, "नायलॉनची अजून एखादी आहे का हो आई? आमच्याकडेही लागेल." मग ती नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "दुपारी तर तुम्ही कार्यालयात असता. सकाळची पाळी घ्याल ना?"

जयंत हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. रायपूरला परतताना त्याने गाडीतूनच गिऱ्हाइकाला नकार कळवला. घर बीरगांवातच आणि मंदाकिनींच्या हातातच राहिले.

यात एक तक्रार उरते, आणि ती नोंदवल्याशिवाय हे लिखाण पुरे होणार नाही. त्या दिवशी हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईने नरहरींचे कौतुक केले. कमला तर दारातच हात जोडून म्हणाली, "भैया हो त अइसन." पाऱ्यात पुढे कित्येक दिवस लांजेवार भैयांच्या चांगुलपणाची गोष्ट चालू होती. ती फरशी तोवर रोज तीनदा, इतकी वर्षे, कोण पुसत होते आणि हा मार्ग कोणी शोधला, याची चर्चा कोणी केल्याचे ऐकिवात नाही. मंदाकिनींनी स्वतः तक्रार केली नाही. त्यांना घर मिळाले होते आणि दुपारची झोप मिळाली होती. धूळ तशीच पडत होती, धुरांडी तशीच होती, आणि संध्याकाळी त्यांची पाळी असे.

तेव्हा वाचकांकडे मागणी एवढीच. आपल्या घरची फरशी आजही कोणी खाली बसून पुसत असेल, तर ते आजपासून थांबवा. धूळ पाण्याने कालवू नका. आधी ती कोरडी उचला, मग फडके दांड्याला बांधा. आणि तो दांडा घरातल्या अशा माणसाच्या हातात द्या, ज्याने आजवर फक्त पाय वर घेतले आहेत.